कापशीचे पाच उंदीर

फूलचंद शेठ खोटं बोलले, तेही ऐन पर्युषणात, आणि एकदा नाही तर रोज एक याप्रमाणे लागोपाठ पाच दिवस. वाशीमजवळच्या मालेगावात ही गोष्ट कोणी सांगितली असती तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. चाळीस वर्षं अडतीचं दुकान चालवलेला माणूस. काट्याला कधी बोट लावलं नाही, सकाळी दिलेला भाव दुपारी बाजार पडला म्हणून फिरवला नाही. आता चौसष्टाव्या वर्षी दुकान मुलाच्या, नमनच्या ताब्यात देऊन ते सकाळी देरासरात पूजा, दुपारी झोप आणि संध्याकाळी जीवदया असे निवांत दिवस काढत होते. अशा माणसाला खोटं बोलायला लावलं ते एका पाखरानं. दोष पाखराचा नव्हे म्हणा, पण सुरुवात तिथून झाली.

जुलैच्या सुरुवातीला जऊळक्याच्या किशनच्या शेतात, भाजीच्या वाफ्यावर टाकलेल्या जाळीत एक कापशी घार अडकली. कापशी ही कावळ्याहून लहान, पांढुरकी-राखाडी, खांद्यावर काळा डाग असलेली घार. शेतावर हवेत एकाच जागी पंख मारत थांबते आणि खाली उंदीर दिसला की पाय सोडून उतरते. शेतकऱ्याच्या दृष्टीनं तिच्याइतकं कामाचं पाखरू दुसरं नाही. ही मात्र अजून पिल्लूच होती. पाठीवर तपकिरी पिसं, डोळे लाल व्हायचे राहिलेले, पिवळट. सुटायच्या धडपडीत तिच्या डाव्या पंखाचं हाड तडकलं. किशननं तिला टोपलीत घातलं आणि मोटारसायकलवरून मालेगावला सादिककडे आणलं.

सादिकचं बसस्टँडच्या मागे मोटार वाइंडिंगचं दुकान. जळालेल्या पंपांत नवी तार भरणं हा त्याचा धंदा आणि जखमी शिकारी पाखरं सांभाळणं हे त्याचं वेड. घुबड असो, शिक्रा असो, वनखात्याची माणसंही त्यालाच फोन करायची. त्यानं अकोल्याच्या डॉक्टरकडून पंख बांधून आणला, वनखात्याची चिठ्ठी घेतली आणि तीन आठवडे कापशीला अंधाऱ्या खोक्यात गप्प बसवून ठेवलं. हाड जुळलं. मग घोडं अडलं ते जागेवर, कारण जुळलेल्या पंखानं उडून पाहायला उंच आणि लांबलचक जागा लागते, आणि सादिकच्या दुकानात दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला बाहेर थांबावं लागायचं.

फूलचंद शेठचं वाशीम रोडवरचं जुनं गोदाम, दुसरं नवं बांधल्यापासून, रिकामं पडलं होतं. त्यांनी आपणहून किल्ली दिली. अट एकच घातली, गोदामात हिंसा नको. सादिकनं मान डोलावली. पाखरू काय खातं हे शेठना ठाऊक नव्हतं असं नाही. पण काही गोष्टी ठाऊक असूनही न पाहण्याची त्यांना जुनी सवय होती. सोयाबीनला कीड लागू नये म्हणून हमाल पोत्यांत गोळ्या ठेवायचे, त्या दिवशीही शेठ गोदामाकडे फिरकत नसत.

सादिकची कामाची रीत मोठी शिस्तीची. गोदामाच्या एका टोकाला त्यानं पोत्यांचा पडदा शिवून लावला आणि त्यामागे स्टूल ठेवलं. मागच्या भिंतीतून प्लास्टिकचा एक जाड पाइप आत घेतला. पाखराचं खाणं बाहेरून पाइपात टाकायचं, ते आत कडब्यावर पडायचं. टाकणारा माणूस तिला कधी दिसायचा नाही. माणूस म्हणजे खाणं, हे एकदा पाखराच्या डोक्यात बसलं की ते रानात जगत नाही, असं तो म्हणायचा. आधी त्यानं नुसते मेलेले उंदीर टाकले. मग मेलेल्या उंदराला दोरा बांधून तो पडद्याआडून ओढायला लागला, म्हणजे हलणाऱ्या गोष्टीवर झेप घ्यायची सवय लागते. कापशी दोऱ्यामागे धावली, चुकली, पुन्हा धावली. ऑगस्टच्या मध्यापर्यंत ती छताच्या लोखंडी कैचीवरून नेमकी उंदरावर उतरायला लागली. शेठ कधी कधी सादिकशेजारी पडद्याआड उभे राहून पाहायचे आणि घरी जाऊन बायकोला, सुंदरबाईंना सांगायचे. मेलेल्या उंदराचा भाग तेवढा गाळून.

मग एका संध्याकाळी सादिकनं विषय काढला.

"शेठ, आता जित्ता उंदीर लागन."

"मेलेला खाते ना ती?"

"खाते. म्हनूनच तर भेव हाय. बाहेर तिले मेलेला कोन आनून देनार? मोठं पाखरू असतं तर मी बोललो बी नसतो, त्याले सारं येते. हे लेकरू हाय. मायबापानं शिकवाच्या आंधीच जाळीत घावलं. जित्ता उंदीर पायात धरला की तो वयवयते, चावते. पयल्या वक्ती पाखरू घाबरून सोडून देते. धरून ठेवाले शिकलं पायजे."

"किती लागतील?"

"पाच. लागोपाठ पाच सोताच्या पायानं मारले पायजेत. चार मारले अन् पाचवा सुटला, तर पुन्हा एकपासून. हा माहा कायदा हाय, बारा सालापासून."

शेठच्या जिवावर येण्याला हिंसेखेरीज आणखी एक कारण होतं. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीच्या सकाळी, जैन संघातर्फे या पाखराला मोकळं सोडायचं, जीवाला अभयदान द्यायचं, अशी कल्पना त्यांनीच मांडली होती आणि सगळ्यांना ती फार आवडली होती. पत्रिकेत छापलंही होतं. म्हणजे पाच उंदीर मरायचे ते पर्युषणाच्या आठ दिवसांत, जेव्हा शेठच्या घरात हिरवी भाजीसुद्धा चिरत नाहीत.

"तू काय करशील ते कर," शेवटी ते म्हणाले. "मी त्या दिवसांत तिकडे येत नाही, म्हंजे झालं."

तसं झालं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण पर्युषणाच्या तिसऱ्या दिवशी सादिकची मुलगी अफ्रीन हिला नांदेडला बाळंतपणासाठी दवाखान्यात भरती केलं, दिवस भरायच्या आधीच. सादिक आणि त्याची बायको सितारा दोघंही निघाले. जाताना तो पिशवी खांद्याला लावूनच गोदामावर आला, शेठना बोलावून घेतलं. किशननं शेतात पकडून दिलेले पाच उंदीर पाच छोट्या पिंजऱ्यांत मांडून ठेवले होते.

"रोज चार वाजता एक," सादिक म्हणाला. "भायेरूनच पाइपाले पिंजरा लावा अन् दार उघडा. आत जाऊ नका. दिवस बुडताना पडद्यातून पाहा, मारला का नाही. नाही मारला तर मले फोन करा. दोन दिवस उपाशी राह्यली तरी मरत नाही. शेठ, होईन ना? नाही तर दुसऱ्या कोनाले सांगतो."

त्या वेळी शेठनं फक्त नाही म्हणायचं होतं. पण समोर सादिकचा चेहरा लेकीच्या काळजीनं उतरला होता. शिवाय शेठच्या मनात एक जुनी टोचणी होती. सादिकच्या घरचं पाणीही आपण कधी पीत नाही, आणि हा माणूस आपल्या गोदामात चपला बाहेर काढून येतो. आता याला नाही म्हटलं तर म्हणेल, मारायचं काम आमच्यासाठी आणि पुण्य तुमच्यासाठी.

"जा तू," शेठ म्हणाले. "होते."

पहिल्या दिवशी चार वाजता ते भिंतीमागे पिंजरा घेऊन उभे राहिले. उंदीर पुढच्या दोन पायांनी तार धरून त्यांच्याकडे बघत होता. घरात सुंदरबाईंच्या उपासाचा तिसरा दिवस होता. तीन दिवस त्यांच्या पोटात उकळलेल्या पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं. त्यांची आठवण येऊन शेठचा हात खाली आला. उद्या बघू, असं मनाशी म्हणत ते गोदामामागच्या ओढ्यापर्यंत गेले आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. उंदीर गवतात गेला. शेठना एकदम हलकं वाटलं, जसं काही त्यांचीच सुटका झाली होती.

हलकेपणा तासभर टिकला. दिवस कलला तशी कापशी आत ओरडायला लागली, बारीक, ताणलेल्या आवाजात, थांबून थांबून. शेठना ते ऐकवेना. त्यांनी सादिकच्या पुतण्याला, अमानला फोन केला. अमानचं चिकनचं दुकान होतं. "थोडे तुकडे आणून दे पाखरासाठी," ते म्हणाले, "आन् सादिकले सांगू नको. त्याच्या जिवाले आधीच घोर लागला हाय." अमाननं काळ्या पिशवीत तुकडे आणून दिले. ती कोंबडी काय आपल्यासाठी कापली नाही, अमान रोजच कापतो, असं शेठनं स्वतःला समजावलं. उंदीर वाचला तो आपल्यामुळे आणि कोंबडी मेली ती बाजारामुळे, असा हा सोयीचा न्याय होता.

तुकडे पाइपात अडकले. मग शेठ नवा चिमटा विकत घेऊन आले, कारण घरचा चिमटा त्या कामाला कसा वापरणार, आणि दार उघडून थेट आत गेले. पहिल्या दिवशी कापशी कैचीवरून हललीच नाही. ते बाहेर आल्यावर उतरली. दुसऱ्या दिवशी ते आत असतानाच उतरली. तिसऱ्या दिवशी दाराची कडी वाजताच ती गोदामाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत उडत आली, पोत्याच्या थप्पीवर बसली आणि मान पुढे करून चिमट्यातून तुकडा घेतला. शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांच्या जीवदयेत कोणत्याही जिवानं त्यांना असं ओळखलं नव्हतं. ते तिच्याशी बोलायला लागले, "ये बेटा, ये," म्हणायला लागले.

रोज सहा वाजता सादिकचा फोन यायचा.

"मारला का शेठ?"

"मारला."

"वरून आली का?"

"हो, वरून."

पहिल्या दिवशी एवढंच बोलून त्यांनी घाईनं फोन ठेवला होता. चौथ्या दिवशी त्यांनी आपणहून भर घातली. "आज आधी हवेत थांबली, मंग पाय सोडून उतरली. एका झटक्यात काम." पलीकडे दवाखान्याच्या गोंगाटात सादिक हसला. "शाबास माही पोरगी," तो म्हणाला, आणि शेठना कळेना की तो कापशीबद्दल बोलतोय की अफ्रीनबद्दल. अफ्रीनला त्याच दिवशी मुलगा झाला होता.

संवत्सरीच्या आदल्या रात्रीच्या गाडीनं सादिक परतला आणि सकाळी डोळे चोळत थेट गोदामावर आला. दारात संघाची मंडळी जमली होती. त्यानं शेठना बाजूला घेतलं.

"एक उंदीर मी सोता टाकून पाहू का? अर्धा घंटा लागन."

"लोक येऊन उभे हायेत," शेठ म्हणाले. "पाची मारले तिनं. तुले सांगतलं ना."

सादिकनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी सांगतलं म्हंजे झालं," तो म्हणाला आणि खोकं उचललं.

जऊळक्याच्या रस्त्यावरच्या माळावर खोकं उघडलं. कापशी बाहेर पडली, उंच गेली आणि किशनच्या सोयाबीनवर जाऊन हवेत थांबली. पंख मारत, मान खाली घालून, अगदी तिच्या जातीला शोभेल अशी. लोकांनी जयजयकार केला, बायकांनी हात जोडले, कोणीतरी शेठच्या गळ्यात हार घातला. सादिक एकटाच डोळ्यांवर हात धरून बघत राहिला, ती उतरते का ते. ती उतरली नाही, दूर बाभळीकडे गेली. गर्दीला घाबरली असेल, तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेठ दरवर्षीप्रमाणे घरोघर, दुकानोदुकान जाऊन मिच्छामि दुक्कडम् म्हणत फिरले. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर माफी असावी. सादिकच्या दुकानातही गेले, हात जोडले, तेच शब्द म्हणाले. खरं सांगायला याहून चांगली वेळ आयुष्यात मिळाली नसती. दोघंच होते आणि हात जोडलेलेच होते.

"माफ, शेठ, माफ," सादिक हसत म्हणाला. "तुमच्याकडून कायची चूक होनार?"

शेठ पुढच्या दुकानात गेले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

पाखरू सोडल्यापासून नवव्या दिवशी किशनचा फोन आला. सादिक आणि शेठ मोटारसायकलवर जऊळक्याला गेले. किशननं सांगितलं की चार-पाच दिवस पाखरू शेतातच होतं. हवेत थांबायचं, खाली उतरायचं, आणि रिकाम्या पायानं उठायचं. एकदा उंदीर धरला तेही किशननं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, पण उंदीर वळवळला तसा पाखरानं सोडून दिला. मग ते निंदणाऱ्या बायकांजवळ येऊन बसायला लागलं. बायका जेवायला बसल्या की समोर येऊन चोच उघडायचं. त्यांनी भाकरीचा तुकडा टाकला, तो त्याला खाता आला नाही.

कापशी किशनच्या गुरांच्या कोठ्यात टोपलीखाली होती. सादिकनं टोपली उचलली. तिच्या छातीचं हाड पिसांतून वर आलं होतं, पंख लोंबत होते. सादिककडे तिनं पाहिलंही नाही. त्याच्यामागून शेठ आत आले आणि तिनं मान उचलली, चोच उघडली आणि त्या बारीक, ताणलेल्या आवाजात ओरडायला लागली. शेठ बाजूला सरकले तशी तिची मानही त्यांच्यामागे वळली.

"भुकेनं याड लागलं तिले," सादिक म्हणाला. "कोनाले बी मागून राह्यली."

शेठना खरं काय ते कळलं होतं. कोणालाही नाही, फक्त त्यांनाच ती मागत होती.

सादिकनं तिला दुकानातच ठेवलं, सलाइनचं पाणी नळीनं पाजलं, चार दिवसांत मांस पचवण्याइतकं केलं. मग दुकानाबाहेरच्या, पंप तपासायच्या कोरड्या हौदात तिच्यासमोर उंदीर सोडून पाहिला. कापशी नुसती बघत बसली. दुसऱ्यांदा तेच. संध्याकाळी शेठ आले तेव्हा सादिक एका पंपाच्या मोटारीत तार भरत बसला होता, बोटं चालू आणि चेहरा दगड.

"वनखात्याले सांगून टाकलं," तो म्हणाला. "परवा गाडी येते. त्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात राहीन आता."

"किती दिवस?"

"जनमभर. शेठ, पाखरानं पाच मारले असन, अन् मंग त्याले एक बी मारता येत नसन, तर त्याच्या डोक्याले मार लागला. तारेवर आपटली असन कुठं. शिकेल नसतं तर मी शिकवलं असतं, महिना लागू दे नाही तर दोन. पन शिकून इसरली, म्हंजे आता ते परत येत नाही. डॉक्टर बी हेच म्हनते."

शेठ समोरच्या स्टुलावर बसले. खाली खोक्यात कापशीची नखं पुठ्ठ्यावर घासत होती. गप्प राहिलं तर कोणालाच काही कळणार नव्हतं. संघात त्यांच्या गळ्यातला हार तसाच राहिला असता, सादिकच्या तोंडचं शेठही तसंच राहिलं असतं. बदल्यात एक पाखरू जन्मभर जाळीआड बसलं असतं, आणि त्याला तिथं खायला मिळालंच असतं. मेलं तर नसतं. एवढा विचार करून झाल्यावर शेठना स्वतःची शिसारी आली.

"तिले कधीच आलं नव्हतं, सादिक."

बोटं थांबली.

"पाचातला एक बी तिनं मारला नाही. मी पाची ओढ्यावर सोडले. अमानकडून तुकडे आनले अन् चिमट्यानं चारले, आत जाऊन. फोनवर सारं खोटं बोललो. कोठ्यात ती याड लागून ओरडली नाही. मले ओळखून ओरडली."

सादिकनं तारेच्या गुंडाळीकडे पाहिलं. वेढ्यांचा आकडा चुकला होता, भरलेली तार आता पुन्हा उलगडावी लागणार होती. त्यानं ती उलगडायला सुरुवातही केली. बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच शेठ जास्त खचले.

"शेठ, तुमी नाही म्हनले असते तर मी रागावलो नसतो. तुमचा धरम मले मालूम नाही का? अमानले सांगतलं असतं. रोज पाच मिनिटाचं काम होतं."

"हो."

"पाच मिनिटाचं काम होतं," तो पुन्हा म्हणाला. मग उठला, हात पुसले आणि वनखात्याला फोन लावला. गाडी पाठवू नका म्हणाला. कारण विचारलं असावं, कारण तो म्हणाला, "गलती माही झाली साहेब. माह्या पाहन्यात चूक झाली." शेठ मध्ये बोलायला उठले, सादिकनं हातानंच त्यांना बसवलं. फोन ठेवून म्हणाला, "गोदाम लागन अजून. पन तुमी तिच्या नजरेस पडाचं नाही. तुमचा आवाज बी नको. ती तुमाले इसरली पायजे."

तेव्हापासून शेठ आपल्याच गोदामात जात नव्हते. पण घरी बसवतही नव्हतं. रोज दुपारी ते मागच्या भिंतीशी, पाइपाच्या तोंडाजवळ, एका विटेवर न खोकता बसून राहत. चारच्या सुमाराला किशन यायचा, पिंजरा पाइपाला लावायचा आणि जायचा. आत सादिक पडद्याआड बसलेला असायचा. सहा दिवस गेले. सहाही उंदीर संध्याकाळी सादिकनं जिवंत पकडून बाहेर आणले आणि कापशीला जगण्यापुरतं मेलेलं खाणं पाइपातून टाकलं. कापशी दोन वेळा झेपावली होती, दोन्ही वेळा वळवळ लागताच तिनं पाय उघडले होते. सादिक एवढंच सांगायचा आणि निघून जायचा. पूर्वीसारखा चहाला थांबायचा नाही.

सातव्या दिवशी किशनचं सोयाबीन काढायला मशीन आलं होतं. सकाळीच त्यानं पिंजरा भिंतीशी ठेवला आणि गेला. चार वाजले. आत सादिक वाट बघत असणार, आणि आवाज देता येत नव्हता. शेठनं पिंजऱ्याकडे पाहिलं. उंदीर मिशा साफ करत बसला होता. त्यांनी पिंजरा उचलला, त्याचं तोंड पाइपाला लावलं आणि दार वर ओढलं. उंदीर जाईना. त्यांना बोटानं पिंजऱ्यावर टिचकी मारावी लागली. मग नखांचा खरखर आवाज पाइपातून उतरत गेला आणि कडब्यात थांबला.

शेठ विटेवर बसले आणि सवयीनं नवकार मंत्र म्हणायला लागले. आधी हळू, मग भराभर. वर कैचीवर नखं वाजली. कडबा सळसळला, थांबला, पुन्हा सळसळला. आणि मध्येच त्यांच्या लक्षात आलं की आपण हे उंदरासाठी म्हणत नाही आहोत. धर बेटा, असं त्यांच्या मनात चाललं होतं. आता सोडू नको. दाब. अजून दाब.

आत धप्प असा आवाज झाला. एक चिरका आवाज निघाला, वाढला आणि मध्येच तुटला. त्यानंतर काहीच नाही. शेठ उठून उभे राहिले होते आणि त्यांच्या मुठी आवळलेल्या होत्या. त्यांना आनंद झाला होता. सरळ, उघडा आनंद.

थोड्या वेळानं सादिक वळसा घालून मागे आला. शेठच्या हातातला रिकामा पिंजरा त्यानं पाहिला.

"किशन?"

"सकायीच ठेवून गेला."

सादिकनं मान हलवली. पिंजरा त्यांच्या हातून घेतला, पण लगेच निघाला नाही. "एक झाला," तो म्हणाला. "अजून चार लागन."

"मी हाय," शेठ म्हणाले.

ते घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. सुंदरबाई ताट वाढून वाट बघत होत्या, दिवस बुडायच्या आत जेवण उरकायचं असतं. शेठनं हात धुतले, पुन्हा धुतले आणि पाटावर बसले.

"आज माह्या हातानं एक उंदीर मेला," ते म्हणाले. "मीच आत ढकलला. अन् तो मेला तं मले बरं वाटलं."

सुंदरबाईंनी पोळीवर तूप घातलं आणि ताट पुढे सरकवलं. दिवस बुडून राह्यला, एवढंच म्हणाल्या.

शेठनं उंदराची माफी मागायला डोळे मिटले, पण माफी मागायची तर वाईट वाटावं लागतं, आणि खोटं त्यांना आता बोलायचं नव्हतं. त्यांनी डोळे उघडले. कित्येक दिवसांनी त्यांना कडकडून भूक लागली होती. त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली, आणि ती खाताना त्यांना मान वर करवली नाही.